टेंबे सरांची पारख

तळेगावच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या श्रीपाद टेंबे सरांना एक खोड होती. सडकं लाकूड दिसलं की ते वाकणार, खिशातलं भिंग काढणार आणि त्यावरच्या आळंबीची जात सांगून मोकळे होणार. हल्ली जात पक्की करायला डीएनए तपासतात, पण सरांना तो स्वतःचा अपमान वाटे. "आईला लेकरू ओळखायला रक्त तपासावं लागतं का?" ते वर्गात विचारत आणि पोरं हसत.

चाकणच्या एका कंपनीच्या गेटसमोर करंजाचं मोठं झाड होतं आणि त्याच्या सावलीत अंबुबाईची चहाची गाडी. शिफ्ट सुटली की सगळे कामगार तिच्याभोवती. तिथला मॅनेजर शार्दूल याच्या डोळ्यांत ती गाडी खुपत होती. बुंध्यावर तपकिरी, चकचकीत आळंबी दिसली तेव्हा त्याला आपले जुने सर आठवले. तो आला, पाया पडला, सरांना कारमधून घेऊन गेला. सर विरघळले.

त्यांनी भिंगातून आळंबीची खालची छिद्रं पाहिली, तुकडा मोडून हुंगला. "गॅनोडर्मा. उभं झाड आतून पोखरते. हे कधीही कोसळेल."

सोबत आलेली विद्यार्थिनी स्वरूपा चाचरत म्हणाली, "सर, ही वाळलेल्या फांदीच्या खुंटावर आलीय. अशाच दिसणाऱ्या दुसऱ्याही जाती आहेत. मी तुकडा डीएनएला पाठवते, तोवर थांबू या ना."

"सरांचा शब्द हाच रिपोर्ट," शार्दूल म्हणाला. सरांना एवढं पुरे झालं.

अंबुबाई हात पुसत पुढे आली. "सर, येकदा नीट बघा की. सावली गेली तर उन्हात कोन हुबं ऱ्हातंय? माझं समदं हितंच हाय."

"बाई, उद्या कुणाच्या डोक्यात पडलं म्हणजे?" असं म्हणून सर शार्दूलच्या केबिनमध्ये गेले आणि लेखी मत देऊन आले.

थोड्याच दिवसांत झाडावर करवत चालली.

स्वरूपानं पाठवलेल्या तुकड्याचा डीएनए रिपोर्ट आला तेव्हा उन्हाळा तापला होता. आळंबी गॅनोडर्मा नव्हतीच. मेलेल्या लाकडावर जगणारी, जिवंत झाडाच्या वाटेला न जाणारी साधी जात निघाली. स्वरूपानं रिपोर्ट सरांच्या टेबलावर ठेवला आणि ती वर्गात निघून गेली. तेच सरांना जास्त लागलं. त्यांनी शार्दूलला फोन केला.

"असू द्या सर," तो हसला. "आपलं काम तर झालं. पार्किंग झकास झालंय, बघायला या एकदा."

आपल्याला कशासाठी उचलून नेलं होतं ते सरांना आत्ता कळलं. स्वतःची किळस आली. अंबुबाईला खरं सांगून माफी मागायची, असं ठरवून ते चाकणला गेले.

झाडाच्या जागी साहेबांच्या गाड्या होत्या. अंबुबाई रस्त्यापलीकडे भर उन्हात, गाडीविना, तीन दगडांची चूल मांडून बसली होती. गिऱ्हाईक एकही नव्हतं. सरांना पाहून तिनं पदर सावरला, चहा ओतला.

"बरं झालं तुमी सांगितलंत. न्हाईतर कुनाचा तरी जीव गेला असता."

सरांनी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. तो नव्हता.

तिनं चुलीत लाकूड सारलं. "त्या करंजाचंच हाय. फोडताना कुऱ्हाड उडत व्हती बघा. सर, आतनं सडलं व्हतं, तर मग ह्ये येवढं घट्ट कसं?"

सरांनी चहाचा घोट घेतला. "वरचं घट्टच असतं, बाई. सड खाली मुळात होती."

तिनं मान डोलावली आणि त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.