आधी तुझ्याकडे यायला हवं होतं

दादा, मी पुण्याला निघाले त्या दिवशी दिग्रसच्या स्टँडवर आई एकटीच आलती. तू कापसाच्या जिनिंगात पाळीवर होतास, मला माहीत होतं. तरी एसटी सुटेपर्यंत खिडकीतून तुलाच शोधत होते. वेडीच मी.

त्याच्या आठवडाभर आधी बायांच्या प्रार्थनेत पास्टरबाईंनी विचारलं, कुणासाठी विनंती आहे का? मी उभी राहिले, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाले, प्रभू, माझ्या भावाची दारू सोडव. तू आईच्या अंगावर कसा ओरडतोस, कुठं पडून असतोस, सगळं सांगितलं. आमेन म्हणून डोळे उघडले तर दारात तू. मला घ्यायला आलेला, त्या दिवशी एक थेंब न पिता. रस्त्यानं एवढंच बोललास, "मले सांगाले तोंड नव्हतं का तुले? एकाच घरात तं राह्यतो ना आपण!"

भाऊ चुकला तर आधी एकट्यानं त्याच्याजवळ जायचं, मग एकदोघांना घेऊन, चर्चच्या मंडळीपुढं अगदी शेवटी. पास्टर हे किती वेळा सांगायचे! मला तोंडपाठ होतं. पण तुझ्यापुढं उभं राहायची हिंमत नव्हती, आणि बायांपुढं रडायला, खरं सांगते, बरं वाटलं. चार दिवसांत जिनिंगातले लोक तुला चिडवू लागले, "तुयी प्रार्थना कुठवर आली बे?" तू मंडळी सोडलीस. दारू नाही सोडलीस.

इथं लॅबमध्ये दिवसभर लोकांचे लिव्हरचे रिपोर्ट माझ्या हातून जातात. तुझा मात्र मला कुणी दाखवत नाही. तू पंधरा दिवसांपासून यवतमाळला ॲडमिट आहेस, डोळे पिवळे झालेत, हे आईच्या तोंडून चुकून निघालं. मग तीच रडायला लागली, "तो म्हन्ते, तिले सांगू नको, थे चर्चमंदी सांगन."

काल इथल्या चर्चमध्ये विचारलं, कुणासाठी प्रार्थना करायची? घशापर्यंत तुझं नाव आलं, गिळलं. शेजारच्या बाईनं काय झालं विचारलं, तर म्हटलं, ॲसिडिटी आहे. खोलीवर येऊन गुडघ्यावर बसले, तशीच उठले. देवाला सांगायचीही भीती वाटते रे. वाटतं, डोळे उघडले की तू दारात असशील.

लोक गाव विचारतात, मी दिग्रस सांगते. पण माझं घर आता तुझ्या खाटेपाशी आहे, तू बसू दिलंस तर. तुझं काही काढणार नाही. मी कशी वागले तेवढंच बोलायचंय, तुझ्या एकट्यापुढं. डॉक्टर म्हणाले म्हणे, घरच्यांना बोलावून घ्या. त्यात मले धरशील का, दादा?