मशीनला घातलेला हार

मुरुडच्या वाळूत तंबूतला सिनेमा आला, की मी पडद्यापेक्षा मशीनवाल्याकडेच बघायचो. आधी पंखा, मग दिवा. खेळ संपला की आधी दिवा बंद. मशीन गार होईपर्यंत पंखा चालूच, आणि तोवर हा जागचा हलायचा नाही.

नारळी पुनवेला एका कोळीण आजीने होडीला घालतात तसा झेंडूचा जाड हार मायेने चालू मशीनला घातला. त्याने तो हिसकून वाळूत फेकला. एवढा माज? मी तर उठलोच.

“पूजेचा हार हाय रं!” आजी कळवळली.

“हवेची भोकं बुजतात, आजी.” त्याने बाही वर केली. हात कोपरापर्यंत भाजून आक्रसलेला होता. “आधीच्या मशीनला मीच घातला होता.”