हापशाची कळशी

सहादूच्या अंगणात एक हापसा होता आणि हापशाजवळ, शेवग्याच्या सावलीत, एक पितळी कळशी. कळशीवर झाकण, झाकणावर दगड. या एका कळशीनं सहादूचं जेवढं डोकं खाल्लं तेवढं कारखान्यातल्या मुकादमानंही कधी खाल्लं नसेल.

हापसा जुना होता. चार दिवस चालवला नाही की आतला चामड्याचा वायसर सुकून जायचा. मग दांडा कितीही मारा, खांदा निखळेपर्यंत मारा, नुसती फसफस. वरून कळशीभर पाणी ओतलं, वायसर भिजून फुगला, की मग खालून धार लागायची. म्हणून सहादूचा नियम होता: ही कळशी कायम भरलेली, आणि तिला कोणी हात लावायचा नाही. आता यात न समजण्यासारखं काय आहे? पण नाही! कोणी यावं आणि त्यातूनच पाय धुवावेत. शेजारच्या यादवनं सायकल पुसावी. बायको लताबाई तर तुळशीला काय, कोथिंबिरीच्या वाफ्याला काय, खुशाल तीच कळशी उपडी करायची. वर म्हणायची, "अहो, पाणीच तर आहे. सोनं असल्यासारखं काय राखता?"

वसाहतीत नळ आले तेव्हा लोकांनी हापसे उपटून भंगारात घातले. सहादूनं नाही घातला. बहात्तरच्या दुष्काळात त्यानं माणसांना पाण्यासाठी कोसभर पायपीट करताना पाहिलं होतं. त्याच्या घरात दोन कंदील, चुलीचं सरपण, वाळवलेल्या गवारीचे डबे, मेणात बुडवून ठेवलेल्या काड्यापेट्या असं सगळं तयार असायचं. गल्लीतले लोक हसायचे. "सहादूभाऊ, लढाई कधी आहे हो?" सहादू दातओठ खायचा, पण बोलायचा नाही.

बोलून सांगणार तरी काय? दुष्काळ हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं दिंडोरीकडच्या त्याच्या गावात होतं. तिथली विहीर. लहानपणी आईच्या लुगड्याला धरून तो त्या विहिरीपासून लांब उभा राहायचा. विहिरीला यांच्या जातीनं शिवायचं नाही. कोणी भल्या मनाचं आलं तर वरून पाणी ओतणार, खाली आईची ओंजळ. कोणी आलं नाही तर ऊन उतरेपर्यंत तसंच उभं. पुढं घरादारानं बौद्ध धम्म घेतला, सहादू नाशिकला आला, फिटर झाला. तेव्हाच त्यानं मनाशी ठरवलं होतं, पाण्यासाठी पुन्हा कोणाच्या दारात उभं राहायचं नाही. मेलो तरी नाही.

आई मात्र तशीच राहिली. धोंडाबाई म्हातारी झाली, लेकाच्या पक्क्या घरात आली, तरी पाणी ओंजळीनंच प्यायची. सहादूनं तिला स्टीलचा पेला आणला, त्यावर नाव घालून घेतलं, 'धोंडाबाई'. तो पेला फळीवर नुसता चमकत बसायचा. "अगं आये, पेला घे ना!" असं तो दिवसातून चारदा ओरडायचा. ती हसायची आणि ओंजळ पुढं करायची. सहादूच्या जिवाचा नुसता संताप व्हायचा.

त्या वर्षी वैशाखात पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली आणि नळ बंद झाले. पहिला दिवस सगळ्यांनी साठवणीवर काढला. टँकर येणार, येणार म्हणत दुसरा दिवस उजाडला. दुपारी सहादू पाळी संपवून आला तर दारात ही गर्दी! हंडे, घागरी, बादल्या. हसणारे सगळे तोंड सुकवून उभे.

"सहादूभाऊ, आता तुझाच आधार," कुसाबाई म्हणाली. ती समोरच्या घरातली. तिच्या घरी तान्हं नातवंड होतं.

सहादूला काय वाटलं असेल! इतक्या वर्षांची टिंगल त्या एका वाक्यात फिटली. त्यानं सदरा काढून खुंटीला लावला, बाह्या नसलेल्या बनियनवर ऐटीत आला, दगड बाजूला केला, झाकण उचललं.

कळशी कोरडी ठणठणीत.

"कोणी?" तो असा ओरडला की शेवग्यावरचे कावळे उडाले. "कोणी हात लावला?"

लताबाई म्हणाली, "माझी शपथ, मी नाही." पण घरातलं पिंपही रिकामं होतं. सकाळीच तिनं धुणं काढलं होतं. का, तर हापसा आहे की आपल्याकडे! सहादूनं कपाळ बडवून घेतलं.

ओट्यावरून धोंडाबाई म्हणाली, "म्या दिलं रं. मालेगावचे दोघं कापडवाले आले व्हते सायकलीवर. उन्हानं पार करपले व्हते. पोटभर प्याले, डोक्यावर घेतलं. म्हनलं, घ्या बाबांनो."

"सगळी कळशी?"

"मंग? तहानल्या मान्साला मोजून द्यावं का?"

"अगं, गल्लीचं पाणी दिलंस तू! अख्ख्या गल्लीचं!" त्याचा आवाज चिरकला.

घरच्या माठात तळाला होतं ते त्यानं हापशात ओतलं. फसफस. काहीच नाही. आता एकच वाट उरली होती, आणि तीच नेमकी त्यानं आयुष्यभर टाळली होती. तो दांडा धरून नुसता उभा राहिला.

"अरे बोल की, काय हवंय?" कुसाबाई म्हणाली.

"पाणी," सहादू खाली बघत म्हणाला. "थोडं थोडं. वरून ओतायला."

"घ्या!" यादव म्हणाला. "आपण आलो न्यायला, आणि हाच मागतोय!" दोघंतिघं हसले. सहादूला वाटलं, हापसा उपटावा आणि यांच्या टाळक्यात घालावा.

पण माणसं घरी गेली आणि आली. कोणी फुलपात्रभर, कोणी वाटीभर. यादवनंही, बडबडत का होईना, अर्धा तांब्या आणला. कुसाबाईनं शेवटी झाकून आणलेलं भांडं पुढं केलं. "बाळाच्या दुधापुरतं राखलं होतं. हापशाला पाणी लागलं नाही तर काय करू रे?"

सहादूनं सगळं ओतलं आणि दांडा मारायला घेतला. फसफस. फसफस. मग आत कुठंतरी घुळघुळलं, दांडा जड झाला आणि गढूळ धार भसकन बाहेर पडली. गल्ली एकदम ओरडली. पाणी नितळ होताच पहिलं भांडं त्यानं कुसाबाईचं भरलं.

दिवेलागणीपर्यंत तो हापसत होता. शेवटचा हंडा गेल्यावर कळशी भरली, झाकली, दगड ठेवला, आणि तांब्या घेऊन आईपुढं आला. राग अजून गेला नव्हता. तो जायचाही नव्हता. दुपारपासून म्हातारी पाण्यावाचून बसली होती. त्याला पाहताच तिनं ओंजळ पुढं केली.

"पुन्हा ओंजळ! तो पेला कुठं गेला?"

"तिथं शेवग्याखाली पडला आसन," ती हळूच म्हणाली. "त्या दोघान्ला त्याच्यात दिलं पानी. माज्या नावाच्या पेल्यात." मग म्हणाली, "ते खाली वाकून ओंजळ करीत व्हते. पर म्या वरून नाय वतलं रं. हातात दिला त्यांच्या."

सहादूनं शेवग्याखाली जाऊन मातीतला पेला उचलला, विसळला, भरला. म्हातारीची ओंजळ अजून तशीच पुढं होती. त्यानं पेला त्या ओंजळीत ठेवला.