बोर्डाची अर्धी मेमरी

दापोऱ्याच्या काकांनी केळी पिकवायची खोली बांधली, तेव्हा मीच पुढे होऊन म्हटलं, "आतलं तापमान, केळीचा रंग, सगळं तुम्हाला मोबाईलवर दिसेल. मी डबा बनवून देते." पुण्याच्या कंपनीचं काम मी बुधवारा मोहल्ल्यातल्या घरी बसून करते, त्यामुळे नातेवाइकांत माझ्या हुशारीचा आधीच जरा जास्त गवगवा. डब्यात तळहाताएवढा कॉम्प्युटर बोर्ड, तापमान मोजणारा सेन्सर आणि एक कॅमेरा, बस.

डबा लावायच्या दिवशी काकांनी शेजाऱ्यांना चहाला बोलावलं. पहिला फोटो मोबाईलवर आला, वाहवा झाली. दुसऱ्या फोटोला डबा बंद.

"आराम करून राहिला," काका पाहुण्यांना म्हणाले. मी डबा काढून पिशवीत घातला.

घरी तपासलं. बोर्डावर एक जीबी मेमरी असायला हवी होती. बोर्ड चालवणारी आतली लिनक्स सिस्टीम तिच्यातली अर्धीच दाखवत होती. फोटो मोठे, जागा संपली की सगळं ठप्प. आणखी शोधायची मला गरजच वाटली नाही. सरळ इंदूरच्या दुकानदाराला फोन लावला.

"भैया, आपने आधी मेमरी वाला बोर्ड भेज दिया."

"मॅडम, चिप पे नंबर लिखा है. एक बार पढ लीजिए."

"मुझे मत सिखाइए. मेरा रोज का काम है ये."

फोन आपटल्यावर भिंग घेऊन नंबर वाचला. चिप पूर्ण एक जीबीची होती.

"मग चूक कोणाची?" नवऱ्याने जेवताना विचारलं. मी त्याला आणखी वरण वाढलं.

असल्या बोर्डावर मेमरी किती आहे हे लिनक्स स्वतःहून मोजत बसत नाही. सुरू होताना एका छोट्या फाईलमधून तिला ते सांगावं लागतं, आणि ती फाईल आपण लिहायची. मी ती उघडली. तिच्यात मेमरी अर्धीच लिहिली होती. फाईल मी जुन्या, लहान बोर्डाच्या कामातून उचललेली. वर माझं नाव ठसठशीत टाकलं होतं, तारीख बदलली होती. मेमरीचा आकडा तेवढा जुनाच.

त्या फाईलमध्ये अर्ध्या जीबीचा आकडा दोनाने सुरू होतो, एक जीबीचा चाराने; म्हणजे दोनाच्या जागी चार करायचे होते. घाईत मी आठ केले. सिस्टीमने बिचारीने विश्वास ठेवला, नसलेल्या जागेत लिहायला गेली आणि स्क्रीन काळी झाली. खोटं कशाला सांगू, माझा हात पुन्हा दुकानदाराच्या नंबरकडे गेला होता.

मग चार केले. मेमरी पूर्ण दिसली, फोटो एकामागून एक निघायला लागले. दुसऱ्या दिवशी दुकानदाराची माफी मागितली.

"कोई बात नहीं मॅडम, होता है," तो म्हणाला. "एक और बोर्ड भेज दूँ?"

नाही म्हणायला तोंड नव्हतं. मागवला.

दापोऱ्याला डबा पुन्हा लावला. काकांना सगळं खरं सांगितलं.

"मंग तू त्या पोऱ्याले उगाच झापलं?"

"हो."

ते मनापासून हसले आणि दुपारच्या चहाला आलेल्या प्रत्येकाला हीच गोष्ट आधी सांगितली, फोटो नंतर दाखवले. डबा आजही नीट चालतो. काका मोबाईलवर केळी बघतात, आणि मग चपला घालून खोलीकडे जातात.