दारातला वेटोळ्याचा दगड

पोलीस खात्यात मी दंगली पाहिल्या, खून पाहिले. पण एका बंद दाराबाहेर जमलेली ती मुकी गर्दी मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हा मी भोकरदन तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना धावड्याच्या बाजूच्या एका गावातून पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, जल्दी या. लोकं ऐकून न्हाई राह्यले. म्हातारीचं आज काही खरं न्हाई."

त्या गावात रोज सकाळी कुणाच्या ना कुणाच्या उंबऱ्यावर एक दगड सापडत होता. वेटोळं घालून बसलेल्या सापासारखा, अंगावर वळ्या असलेला. वर कुंकू आणि टाचण्या टोचलेलं लिंबू. पहिला दगड निघाला त्या घरची गाय मेली. दुसऱ्या घरातली सून तापाने फणफणली. मग करणी हिचीच म्हणून गावाने एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्या विधवेकडे बोट दाखवलं. कारण एवढंच, की तिच्या दारात दगड निघाला नव्हता.

आम्ही तिच्या बंद दारासमोर पोहोचलो तेव्हा कुणी ओरडत नव्हतं. एकाच्या हातात पेट्रोलची बाटली होती आणि ती त्याने आम्हाला पाहूनही लपवली नाही. माझ्यासोबत मोजकीच माणसं. मी आवाज चढवून म्हणालो, "हिला ठाण्यात नेतोय. काय ती चौकशी मी करतो." गर्दी हलली, वाट झाली. महिला शिपायाचा हात धरून म्हातारी बाहेर आली.

"साहेब, म्या काय केलं?"

मी तिला तसंच गाडीत बसवलं. तिथे मऊ बोललो असतो, तर झालेली वाट पुन्हा बंद झाली असती.

पंचनाम्याच्या वेळी एकही पंच दगडाला हात लावेना. माझ्या जुन्या हवालदाराने तो रुमालात धरून पिशवीत टाकला आणि नंतर रुमालच फेकून दिला. त्या दिवशी मुद्देमाल खोलीत कुणी एकटं जात नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही त्या खोलीचं दार उघडं ठेवावंसं वाटलं.

दगडाचा फोटो मी जालन्यातल्या एका कॉलेजच्या शिक्षकांना पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं. "हा आपल्याकडचा दगडच नव्हे. असे दगड जमवणारे माझ्या माहितीत एकच गृहस्थ आहेत." ते भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मी दगड घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी तो हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

"हा माझाच. अमोनाइट म्हणतात याला. जुरासिक काळातल्या समुद्रात कवचात राहणारा जीव, मेल्यावर त्याचा दगड झाला. कच्छमध्ये उन्हातान्हात फिरून मी हे गोळा केलेत."

त्यांनी कपाट उघडलं. पुढची रांग जागच्या जागी होती, मागची अर्धी रिकामी.

घरात कोण येऊन गेलं, असं विचारल्यावर त्यांना वायरिंगचं काम करणारा माणूस आठवला. "फार कौतुकाने विचारत होता. मीच एकेक काढून दाखवले." तो निघाला त्या विधवेचा सख्खा पुतण्या.

नातेवाईक म्हणून जबाब घ्यायचाय, असं सांगून त्याला बोलावलं. टेबलावर तो दगड मुद्दाम ठेवला होता.

"काकूचं आधीपासून तसंच हाय, साहेब. म्या सोता पाह्यलं," तो सांगत होता.

तेवढ्यात चहा आला. ग्लास ठेवायला जागा नव्हती. त्याने डाव्या हाताने दगड बाजूला सारला, ग्लास ठेवला आणि पुढे बोलू लागला. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"कशाची?"

"या दगडाची. तुझ्या गावात कुणी याच्या जवळ यायला तयार नाही."

मी प्राध्यापकांच्या घराचा पत्ता सांगितला, तसा त्याचा चेहरा उतरला.

"नुसतं भिववायचं व्हतं साहेब. गाव सोडून लेकीकडं गेली असती, तर रस्त्याकडचं शेत मलाच कसायला आलं असतं. लोकं जाळायला निघतील असं बिलकुल वाटलं न्हाई."

"लोक पेट्रोल घेऊन उभे होते तेव्हा तू कुठे होतास?"

"तिथंच," तो म्हणाला. "गर्दीत."

चोरीबरोबर जादूटोणाविरोधी कायद्याचं कलमही लागलं आणि पुतण्या कोठडीत गेला. प्राध्यापक स्वतः ठाण्यात आले आणि त्यांनी म्हातारीला दगड समजावून सांगितला. तिने भीतभीत त्याच्या वळ्यांवरून बोट फिरवलं. "म्हंजे यानं बी कोणाचं काही केलं न्हाई," एवढंच म्हणाली.

तोवर चौकशीत मी घाबरलेला माणूस शोधायचो. या प्रकरणानंतर, सगळे घाबरलेले असताना निवांत कोण आहे, ते पाहू लागलो. पण खरा धडा मला म्हातारीने दिला. गावची चार मोठी माणसं तिला न्यायला आली, पाया पडली, रडली. तिने मला सगळ्यांसाठी चहा मागवायला लावला. मग परतूरच्या लेकीला फोन करून घेऊन जायला सांगितलं.

मी म्हणालो, "मावशी, माफ केलंत ना त्यांना?"

"केलं की, साहेब. पर तिथं आता मला झोप न्हाई यायची."