बॅटरीला बोंबलाचा वास

आमच्या चौक गावच्या बर्फाच्या कारखान्यामागे लिथियम बॅटरीची पांढरी पेटी आली आणि तिची किल्ली माझ्याकडे आली. पेटी केवढी, तर आत अख्खी वरात जेवायला बसेल. दिवसा छपरावरच्या सोलरवर ती भरायची, संध्याकाळी वीज महाग झाली की तिच्यावर बर्फ पाडायचा. आतली सिस्टीम एवढी काटकसरी की सेल तापल्याशिवाय पंखा लावायची नाही. माझ्या आईपेक्षा चिकट, असं मी गावभर सांगत फिरलो.

भाद्रपदात मात्र ढगाळ दुपारी, बर्फाचं मशीन बंद असताना चार्ज भराभर उतरायला लागला.

कारखाना चालवणाऱ्या आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "आठ दिवसांत चोर दाखव. न्हायतर पेटी परत जाईल आन् तू बोटीवर."

मी बोटीवर पाय ठेवला की समुद्राला मळमळतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मग मी संशय घ्यायला बसलो. पहिला शेजारच्या वेल्डरवर. दुसरा चेअरमनच्या नव्या एसीवर. तिसरा खुद्द सिस्टीमवर, कारण स्क्रीनवर सगळे पंखे फुल स्पीडला दिसत होते. राखणीला ठेवलेलीच खातेय म्हणजे. तीन दिवस दारासमोर खुर्ची टाकून बसलो. पापणी लवू दिली नाही. चौथ्या दिवशी भुवयांवर जळमटं धरली.

शेवटी कंपनीची इंजिनिअर मीरा रोडहून आली. दार उघडायच्या आधीच थबकली.

"दादा, बॅटरीला मच्छीचा वास का येतोय?"

"मॅडम, इथे पोस्टाच्या तिकिटालाही येतो."

तिला ते पटलं नाही. ती पेटीच्या मागे गेली, तिच्यामागे मी. पेटी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये निळी ताडपत्री ताणलेली, तिच्याखाली दोऱ्यांवर बोंबलांच्या रांगा. पेटीतून निघालेली गरम हवा ताडपत्रीखाली कोंडायची, फिरून आतच शिरायची. सेल तापायचे, पंखे धावायचे आणि धावून धावून चार्ज संपवायचे. बोंबील उलटेपालटे करत माझी आत्या बसली होती.

"आत्ये, हे काय?"

"पाऊस हाय, ऊन न्हाय. तूच सांगितलंस ना, मागून गरम वारा निघतो, फुकट जातो."

सांगितलं होतं. तिच्याच हातच्या बोंबलाच्या चटणीवर ताव मारताना.

ताडपत्री सोडली. तासाभरात पंखे मंदावले. मॅडमने कागदावर लिहिलं, 'हवेच्या वाटेत अडथळा'. चेअरमननी तो वाचून मला विचारलं, "अडथळा कसला?"

"परवा आत्याकडून पाटीभर सुके बोंबील नेलेत ना? एवढ्या पावसात कडक सुकलेले?"

चेअरमननी मॅडमकडे पाहिलं, कागदाची घडी केली आणि खिशात घातली. "किल्ली ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," म्हणाले.

आता रोज सकाळी मी पेटीला एक फेरी मारतो. आत्या भिंतीपलीकडून हात लांबवून वारा चाचपत असते.

"तूच मंद केलास वारा," म्हणते.

तिचा संशय अजून माझ्यावरच आहे.