पोटाखालची गाठ

संग्रहालयात मासे धुऊन बरण्यांत भरणाऱ्या त्या माणसाला सगळे चकाचक म्हणत. माशाच्या अंगावर कसला म्हणून डाग राहू देईल तर शपथ! घरी बायकोने घासलेलं ताटसुद्धा हा गृहस्थ पुन्हा घासायला उठायचा.

त्याचा मेव्हणा मासेमारी बोटीवर कप्तान. संग्रहालयातल्या संशोधक मॅडमना खोल समुद्रातला, कपाळावर दिवा मिरवणारा काळा मासा हवा होता, तोही जोडीने. यांचा नर बोटाच्या पेराएवढा. मादीला चावतो, तिथेच चिकटतो आणि जन्मभर तिच्या रक्तावर जगतो. अगदी घरजावई! पण एकटा सापडलेला नर कुणीतरी वेगळी जात म्हणून नोंदवून ठेवला होता. दोघं चिकटलेले मिळाले, की दोन जातींची एकच जात ठरणार होती. मॅडम कित्येक वर्षं त्याचीच वाट बघत होत्या.

मेव्हण्याने मासा बर्फात जपून आणला, चकाचकच्या हाती दिला आणि तो मॅडमना बोलवायला गेला. जोडी म्हणजे दोन मासे, एवढंच चकाचकला ठाऊक. हा तर एकच, आणि पोटाखाली गाठ.

"काय हे बांडगूळ!" म्हणत त्याने ती चिमट्याने उपटली, जागा खरवडून गुळगुळीत केली आणि गाठ नळाखाली मोरीत सोडून दिली.

मॅडम धावतच आल्या. मासा उलटापालटा करून म्हणाल्या, "नर कुठाय?"

"पोटाला होता की, मॅडम! आईशप्पथ!" मेव्हणा म्हणाला.

"थापा कुणाला मारता? पुन्हा तुमचा मासा इथे नको."

चकाचकच्या नोकरी डोळ्यांपुढे नाचली आणि उघडलेलं तोंड मिटलं. मेव्हणा मान खाली घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्यांनी भिंग लावून ती जागा बराच वेळ पाहिली.

"तपासायला काहीच ठेवलं नाहीत हो तुम्ही," त्या एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तो धक्क्यावर गेला. मेव्हणा जाळं सोडवत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"चूक कुणाच्याही हातून होते, दाजी. पण त्या मला थापाड्या ठरवत होत्या, तेव्हा तुम्ही शेजारीच होतात ना?"

"होतो."

"काय करत होतात?"

चकाचकला वर बघवेना.

"टेबल पुसत होतो," तो म्हणाला.